माजघराचा रंग

गडद रंगाशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सूनबाई म्हणेल, आई पुन्हा सुरू झाल्या! पण खांबच्या घराचं माजघर मोरपिशी करायचं की पांढरंच ठेवायचं, यात माझं मत पांढऱ्याला.

मुलाच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये मोरपिशी भिंत सुरेख दिसते. तिथे भिंतभर खिडकी आहे. आमच्या माजघराला खिडकीच नाही. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, आणि वर कौलांत बसवलेल्या दोन काचा. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात भर दुपारी दिवा लावावा लागतो, तोही वीज असली तर. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड परत देते, गडद मोरपिशी जेमतेम १०-१५. आधीच काटकसरीने येणारा उजेड भिंतीने गिळला तर उरायचं काय?

शिवाय डोळे. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. ह्यांची तर ऐंशी जवळ आली. गेल्या श्रावणात उंबरठ्याला ठेच लागून दोनदा तोल गेला. दोन्ही वेळा दाराची चौकट हाताशी होती म्हणून निभावलं.

म्हणून गडद रंग हवा तो चौकटीला आणि उंबरठ्याला. पांढऱ्या भिंतीत काळपट तपकिरी चौकट लांबूनही कळते. जुन्या घरांत हेच असायचं की! वर नीळ घातलेला चुना, खाली हातभर गेरूचा पट्टा. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते अंधुक उजेडातही दिसे. आणि चुना जात्याच क्षारधर्मी, बुरशीला सहज थारा देत नाही. जुन्या ओलसर भिंतीवर प्लॅस्टिक रंग लावला की आतली ओल अडते आणि दोन पावसांत पोपडे निघतात. चुन्याला पाठ टेकली की पाठ पांढरी होते, हे मात्र खरं. दरवर्षी गणपतीआधी हात मारायचा तोही व्याप. असो.

सूनबाईने मोरपिशीचा डबा आणलाच आहे. ओटीवर गणपती बसतात तिथली भिंत रंगवू, तिथे उजेड भरपूर आहे. मखरही उठून दिसेल. माजघरासाठी चुना मी कालच भिजत घातलाय.