पंचेचाळीस मिनिटांचा थांबा

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची बसच्या सहलीने उत्तर युरोपातली शहरं पाहून आली. ती हॅम्बुर्गला एम. एस. करते आणि सुट्टीच्या दिवशी एका गोदामात तासावर काम करते. त्या साठवलेल्या पैशांतून तिने विद्यार्थ्यांच्या सहलीत एक जागा घेतली. कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो आणि परत. ताईचा विरोध होता. "बरोबर ओळखीचं कोणी नाही, आणि आठवडाभर बसमध्ये बसून दिसणार काय?" यातला दुसरा प्रश्न रास्त होता, हे आधीच सांगून टाकतो. अशा सहलीत निम्मं जग काचेतूनच दिसतं.

ती परत आल्यावर रविवारी आम्ही ताईच्या घरी मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि सगळे समोर बसलो. मी कारकून माणूस, माझे प्रश्न कागदपत्रांचे. जर्मनीचा रहिवासी परवाना असला, की या तिन्ही देशांत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. पैसा मात्र तिघांचाही वेगळा. नाव क्रोनच, पण एकाची नोट दुसऱ्याकडे चालत नाही. आणि स्वीडनमध्ये कित्येक दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत! पोरीने जपून नेलेल्या नोटा तशाच परत आल्या. जन्मभर रोकड मोजणाऱ्या मामाला हे पचायला जड गेलं.

जर्मनीच्या टोकाला पुटगार्डन बंदरात अख्खी बस जहाजाच्या पोटात शिरते आणि पाऊण तासात डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागते. कोपनहेगनच्या प्रसिद्ध जलपरीने तिची निराशा केली. 1913 सालचा तो पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंच, आणि भोवती फोटोवाल्यांची ही गर्दी. पण दुसऱ्या दिवशी स्वीडनला जाताना रस्ता आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरला, मग माणसांनी भराव घालून केलेल्या बेटावर वर आला, आणि पुढे जवळजवळ आठ किलोमीटर पूल. हा मार्ग 2000 साली खुला झाला. ते सांगताना तिचे डोळे मोठे झाले होते.

खरी गोष्ट त्याच दिवशी दुपारी घडली. स्टॉकहोम अजून निम्म्या वाटेवर होतं. व्हॅटर्न नावाच्या लांबलचक सरोवराकाठी ग्रेना गावात ड्रायव्हरने बस उभी केली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. पंचेचाळीस मिनिटं गाडी हलणार नाही! पोरं वैतागली. संध्याकाळचं शहर बुडणार होतं. "आम्ही पैसे भरलेत," एकाने ऐकवलं. गाइड शांतपणे म्हणाली, घड्याळ माझं नाही, गाडीचं आहे.

तिकडचा कायदा असा, की साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पंचेचाळीस मिनिटं विश्रांती द्यायचीच. दिवसाला चालवायचे तास नऊ, आठवड्यातून फक्त दोनदा दहा. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ते मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. पोलीस ती तपासतात.

इथे ताईच्या घरातलं थोडं सांगितलं पाहिजे. दाजी ट्रकवर होते. माल वेळेवर पोचला नाही तर भाडं कापायचे, म्हणून रात्र-रात्र, सोळा-सोळा तास. 2009 साली पहाटे चारला त्यांचा डोळा लागला. ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला आणि उजवा पाय गुडघ्यापासून गेला. जबाबात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. तो कागद मीच वाचून दाखवला होता. पोरगी तेव्हा तिसरीत होती.

ग्रेनाला सगळे कुरकुरत असताना ती बसजवळच उभी राहिली. ड्रायव्हर पन्नाशीचा. त्याने डबा उघडला, खाल्लं, सीट मागे केली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. ती म्हणाली, "मामा, मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग रडू आलं म्हणून गावात फिरायला गेले."

त्या गावात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या कांड्या मिळतात. अमालिया एरिक्सन या बाईचा नवरा वारला, पदरात तान्ही मुलगी. 1859 साली तिने या कांड्या करून विकायला सुरुवात केली आणि त्यावर संसार उभा केला. आज गावात तिचा पुतळा आहे. थांबा झाला नसता तर ही बाई काचेबाहेरच राहिली असती.

स्टॉकहोमला 'वासा' हे जुनं लढाऊ जहाज पाहिलं. 1628 साली पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरही न जाता ते बुडालं. तोफा चौसष्ट, आणि वरचा भार जास्त. आधी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डुललं की चाचणीच थांबवली! पण राजाला घाई होती, त्याला सांगायचं कोणी? पुढे चौकशी बसली, दोषी कोणीच ठरलं नाही. हे ऐकून मला आमच्या ऑफिसातल्या फायली आठवल्या. 1961 साली ते वर काढलं.

ऑस्लोला वेळ थोडा मिळाला. ऑपेरा हाऊसच्या उतरत्या छपरावर लोक चक्क चालत जातात, तशी तीही गेली. परतीला रात्रीचं जहाज. खाली बस, वर केबिनमध्ये ड्रायव्हर झोपलेला.

एवढं सगळं ऐकताना दाजी एक शब्द बोलले नव्हते. फोन ठेवायच्या वेळी ते पुढे सरकले.

"त्याच्या डब्यात काय होतं गं?"

"पाव आणि उकडलेली अंडी, पप्पा."

"आणि चहा?"

"थर्मासमध्ये कॉफी होती."

"गरम होती का?" दाजींनी विचारलं.