द्राक्षाचा रेसिड्यू तपासतात, पीएफचा कोण तपासणार?



उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडलं की तीन रकाने दिसतात : माझा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा. खाली व्याज, 2024-25 चं 8.25 टक्के. वणीहून सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं ये-जा केल्यावर एवढं पाठ झालंय. पण हा पैसा पुढे जातो कुठे, ते त्या पासबुकात नाही.

2015 च्या ऑगस्टपासून भविष्य निर्वाह निधी संघटना नव्याने जमा होणाऱ्या रकमेतला काही भाग ईटीएफमार्फत शेअर बाजारात घालते. सुरुवात 5 टक्क्यांनी झाली, 2017 मध्ये मर्यादा 15 टक्क्यांवर गेली. निफ्टीचा ईटीएफ घेतला की निफ्टीतल्या पन्नासही कंपन्या आल्या. त्यात अदानी पोर्ट्स आली. या कंपनीने म्यानमारमध्ये यांगोनला टर्मिनल उभारायला घेतलं, ती जागा तिथल्या लष्कराच्या मालकीच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. 2017 मध्ये रोहिंग्यांची गावं जाळणारं आणि 2021 च्या फेब्रुवारीत सत्ता बळकावणारं हेच ते लष्कर. त्या वर्षी जूनमध्ये नॉर्वेतल्या केएलपी या पेन्शन कंपनीने अदानी पोर्ट्सचे शेअर विकून टाकले. पुढे 2023 मध्ये अदानींनीही ते टर्मिनल विकलं, हे सांगायलाच हवं. तरी नॉर्वेच्या सरकारी निधीने 2024 च्या मे महिन्यात कंपनीला आपल्या यादीतून वगळलंच. निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण तिथल्या पेन्शनरला यादी आणि कारण दोन्ही वाचायला मिळतं. तो निधी तेलाच्या पैशावर उभा आहे, म्हणजे तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पण 2004 पासून त्यांच्याकडे एक नैतिकता परिषद आहे. आपल्याकडे विचारायला खिडकीसुद्धा नाही.

असं काही म्हटलं की ‘परदेशी लोकांचे चोचले’ असा शेरा येतो. आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला विचारा. 2010 साली सीसीसी या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली, तेव्हा किती घरं बसली ते त्याला आठवतं. आता लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय निर्यातीचा कंटेनर भरत नाही. फवारणीची वही ठेवावी लागते. काही खरेदीदार तर बागेतल्या मजुरांना पैसे वेळेवर मिळतात का, हेही तपासतात. आपण कुरकुरलो, पण शिकलो. एका मण्यात काय उतरलंय हे आपण पीपीएममध्ये सांगू शकतो आणि आयुष्यभराच्या कमाईत काय उतरलंय ते सांगता येत नाही!

दुसरा आक्षेप असा की, हा परराष्ट्र धोरणाचा विषय, पीएफवाल्यांनी त्यात पडू नये. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला गिरमिटिया मजूर पाठवणं बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात का मांडला? पुढच्या वर्षी ती भरती थांबलीही. 1946 मध्ये, स्वतंत्र व्हायच्या आधीच, भारताने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला पेन्शनचा पैसा दक्षिण आफ्रिकेतून काढून घेण्याचा कायदा करायला 1986 उजाडलं.

पुढे मात्र आपण उलट बाजूला जाऊन बसलो. सुदानमध्ये तेलक्षेत्राभोवतीची गावं लष्कर रिकामी करत होतं. मानवी हक्कवाल्यांच्या आणि भागधारकांच्या दबावाखाली कॅनडाच्या टॅलिस्मन या तेल कंपनीने तिथल्या प्रकल्पातला 25 टक्के हिस्सा विकायला काढला. 2003 मध्ये तो घेतला आपल्या ओएनजीसी विदेशने. ओएनजीसीही निफ्टीत आहे, म्हणजे आमच्या पीएफमध्येही.

निर्गुंतवणूक म्हटलं की आपल्याला सरकारी कंपन्यांची विक्रीच आठवते. मला हवाय तो कायदा वेगळा आहे. नरसंहार किंवा सामूहिक अत्याचार करणाऱ्या फौजेशी वा सरकारशी भागीदारी असलेल्या कंपन्यांची छाननी एका स्वतंत्र समितीने करावी, कंपनीला खुलाशाची मुदत द्यावी आणि तो पटला नाही तर पीएफ व राष्ट्रीय पेन्शन योजनेने (एनपीएस) ते शेअर विकावेत. कारण छापून. समितीत कामगारांचे प्रतिनिधी हवेत. ‘पेन्शनच्या पैशाला अटी घालता येत नाहीत’ हे तर कोणी सांगूच नये. 2013 च्या पीएफआरडीए कायद्याने एनपीएसचा पैसा देशाबाहेर गुंतवायला बंदी घातलेलीच आहे. रेघ ओढता येते. कुठे ओढायची एवढाच प्रश्न.

परताव्यात थोडा फरक पडेल का? पडू शकतो. पन्नासातून एक-दोन कंपन्या गेल्याने आमचं म्हातारपण उघड्यावर येईल, असं मला वाटत नाही. कारखान्यातला एक सहकारी म्हणाला, “आधी ईपीएसचं हजार रुपयांचं किमान पेन्शन वाढवायला लिही, मग म्यानमारचं बघ.” त्याचं चुकत नाही. 2014 पासून तो आकडा हजारावरच आहे. पण तो आकडा आम्हाला न विचारता ठरतो आणि पैसा कुठे लावायचा तेही आम्हाला न विचारताच ठरतं. दोन्हीसाठी भांडायचं दार एकच आहे.

दिंडोरीचे खासदार भास्कर भगरे स्वतः शिक्षक आहेत. पगारातून कपात झालेल्या पैशाची किंमत त्यांना समजावून सांगायला नको. गैरसरकारी विधेयकं लोकसभेत शुक्रवारी दुपारी घेतात. त्यातला एक शुक्रवार त्यांनी या विषयाला द्यावा. मसुद्यासाठी पासबुकांच्या प्रती हव्या असतील, तर वणीतून आम्ही आणून देऊ.

– एक पीएफ खातेदार, वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक)