बंद खोक्यातला ताजमहाल

मुलांच्या खेळण्यापायी मोठ्या माणसांचे पैसे अडकले, अशी बातमी व्यापाराच्या पानावर क्वचितच येते. पण तसे घडले आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २००८ साली प्लॅस्टिकच्या विटांचा ताजमहाल बाजारात आणला. तुकडे ५,९२२ आणि अमेरिकेतील किंमत ३०० डॉलर. पुढे त्याचे उत्पादन थांबले आणि जुन्या मालाच्या बाजारात त्याच बंद खोक्याची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट चढली. भाव आणखी वाढेल या आशेने अनेकांनी खोकी न फोडता माळ्यावर ठेवून दिली. मग २०१७ साली कंपनीने एक तुकडा वाढवून तोच ताजमहाल पुन्हा काढला आणि किंमत ठेवली ३७० डॉलर. माळ्यावरच्या मालाचा भाव घसरला आणि ओरड सुरू झाली की कंपनीने आम्हाला बुडवले.

आमच्या मते कंपनीने योग्य तेच केले. मात्र ते का, हे सांगण्यापूर्वी हे गिऱ्हाईक कोण आहे ते पाहायला हवे.

ताजमहाल घेणारा हा दहा वर्षांचा मुलगा नव्हे. ही खरेदी प्रौढ माणसांची आहे. युरोप-अमेरिकेत हे शौकीन स्वतःला 'ए.एफ.ओ.एल.' म्हणवतात, म्हणजे 'अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो'. लहानपणी विटा सोडल्या आणि मोठेपणी पुन्हा हातात घेतल्या, त्या मधल्या वर्षांना ते 'अंधारयुग' म्हणतात. गंमत वाटेल, पण शब्द नेमका आहे. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जुळवणे ही त्यांच्या लेखी सुरुवात. खरी प्रतिष्ठा आपल्या डोक्यातून काही उभारण्याला. त्यांचे मेळावे भरतात, तेथे आगगाड्या, किल्ले, अख्खी शहरे मांडली जातात. न्यूयॉर्कच्या नेथन सवाया यांनी तर वकिली सोडली आणि विटांची शिल्पे करणे हाच व्यवसाय केला.

या वेडाला कारण आहे. बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियन्सन या सुताराने १९३२ साली धंदा सुरू केला तो लाकडी मालाचा. आजच्या विटेचे पेटंट जानेवारी १९५८ चे. त्या काळातली वीट आजच्या विटेत घट्ट बसते, कारण साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही फरक चालवून घेत नाहीत. आठ टिकल्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. आजोबांची वीट नातवाच्या कामी येते, असा माल किती कारखानदार करतात?

आणि असा माल करणाऱ्यालाही एकदा गिऱ्हाइकाचा विसर पडला. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या. जुना राखाडी किंचित पिवळट होता, नवा निळसर झाला. मुलांच्या ते लक्षातही आले नसेल. पण ज्याने दहा वर्षे राखाडी विटा जमवून किल्ल्याची अर्धी भिंत उभी केली होती, त्याची उरलेली भिंत वेगळ्या रंगाची दिसू लागली. आमच्या कापडवाल्या बंधूंना हे समजावून सांगायला नको. अर्धे कापड एका ताग्यातले आणि अर्धे दुसऱ्या रंगणीचे दिले, तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल काय? शौकिनांनी गदारोळ केला. कंपनी त्याच वेळी बुडायच्या बेतात होती. २००३ आणि २००४ या दोन्ही वर्षांत मोठा तोटा झाला होता, पुढे लेगोलँड बागांमधला बहुतांश हिस्साही विकावा लागला. यॉर्गन विग क्नुडस्टोर्प यांनी २००४ मध्ये सूत्रे हाती घेतली, विटेकडे पुन्हा लक्ष दिले आणि या प्रौढ मंडळींशी बोलणे सुरू केले. २००५ पासून शौकिनांच्या प्रतिनिधींशी नियमित संपर्काची सोय झाली. ज्यांना कारखान्यात कोणी विचारत नव्हते, त्यांना विचारल्याने धंदा बुडाला नाही, उलट सावरायला मदतच झाली.

आता या बाजारात दुसरीच मंडळी शिरली आहेत. त्यांना विटेत रस नाही, खोक्यात आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ संचांचे भाव तपासले, तेव्हा वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा निघाला. हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. त्याच अभ्यासात काही संचांवर वर्षाला निम्मे पैसे बुडाल्याचेही दिसते, ते मात्र फारसे कोणी छापले नाही. सरासरीच्या भरवशावर माल भरणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणत नाही, तो सट्टा आहे.

याच्या उलट एक खरा व्यापारी आहे. तो मोठी खोकी घेतो, फोडतो, तुकडे रंगा-आकाराप्रमाणे डब्यांत लावतो आणि ज्याला चाळीस राखाडी विटा हव्यात त्याला चाळीसच देतो. कुर्ल्यात मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्यासारखेच हे काम. यात मेहनत आहे, माहिती आहे, आणि गिऱ्हाइकाची गरज भागते. ताजमहाल पुन्हा निघाला तेव्हा माळेवाल्यांचे नुकसान झाले, पण ज्याला तो खरोखर बांधायचा होता त्याला रास्त भावात मिळाला. कंपनीने त्यांना भाव टिकवण्याचे वचन कधी दिले होते?

पण कंपनीचेही सगळेच आम्हाला पटते असे नाही. शौकिनांनी नव्या संचाची कल्पना मांडावी, दहा हजार पाठिंबे मिळाले तर कंपनी विचार करील, आणि माल निघाला तर निव्वळ विक्रीचा एक टक्का कल्पना देणाऱ्याला, अशी तिची योजना आहे. जोखीम कंपनीची हे मान्य, तरी एक टक्का आम्हाला हात आखडता वाटतो. सुट्या तुकड्यांचा सर्वात मोठा बाजार 'ब्रिकलिंक' हाही एका शौकिनानेच २००० साली उभारला होता. सत्तर देशांतील दहा हजारांहून अधिक दुकाने तेथे होती, तेव्हा २०१९ मध्ये लेगो कंपनीने तो विकत घेतला आणि बाहेरच्या कारागिरांनी छापलेल्या वा बदललेल्या तुकड्यांना तेथे बंदी आली. आता माल करणारा, भाव ठरवणारा आणि जुन्या मालाच्या बाजाराचा मालक एकच आहे. त्या कारागिरांची तक्रार माळ्यावरच्या खोकेवाल्यांसारखी नाही. त्यांनी रोजी कमावली होती ती हाताच्या कामावर, आणि या प्रकरणात आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.