पदवी हाती, मुदत माथी!

पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतीचे गाव होते. आज तेथे बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतील कित्येक घरांत एक खोली रिकामी आहे. त्या खोलीतील मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकावयास गेलेली असते. वडील हिंजवडीच्या संगणक कंपनीत वा चाकणच्या मोटार कारखान्यात राबत असतात आणि राहते घर बँकेकडे तारण पडलेले असते. मग एके दिवशी पदवीदानाचे छायाचित्र येते, पेढे वाटले जातात आणि ‘सुटलो एकदाचे!’ असे घर म्हणते. परंतु खरी कसोटी त्या दिवशी संपत नाही. ती त्याच्या तीन महिने आधीच सुरू झालेली असते, आणि ती बुद्धीची नसून तारखांची असते, हे आम्ही आज निक्षून सांगू इच्छितो.

अमेरिकेचा नियम पाहा. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून तो संपल्यावर ६० दिवसांपर्यंत विद्यार्थ्याला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. काम सुरू करण्याची तारीख त्याने स्वतः मागावयाची असते आणि तीही अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली असावी लागते. सारी मेख येथेच आहे. लवकरची तारीख मागितली आणि नोकरी मिळाली नाही, तर बेकारीचे दिवस मोजले जाऊ लागतात. ते एकंदर ९० च्या वर गेले की तेथे राहण्याचा आधारच ढासळतो. उशिराची तारीख मागितली आणि मालकाने आधी बोलावले, तर परवान्याविना कामाला हात लावता येत नाही. अर्ज निकालात निघण्यास काही वेळा महिने जातात. त्यामुळे अखेरच्या आठवड्यात जागा होणारा उमेदवार नेमणूकपत्र खिशात असूनही खोलीत बसून राहतो.

हा परवाना एक वर्षाचा असतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात. पुढे ‘एच-वन-बी’ व्हिसाची सोडत येते. तिच्यात वर्षाला ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार जागा असतात. नोंदणी मार्चमध्ये होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. तीन वर्षे हाती असलेल्याला निदान तीनदा नशीब अजमावता येते. एकच वर्ष असलेल्याला बहुधा एकदाच. म्हणूनच ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्या मालकाला ‘याच मार्चमध्ये माझे नाव नोंदवणार काय?’ असे नोकरी स्वीकारण्यापूर्वीच विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो शहाणपणा आहे.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या ‘एच-वन-बी’ अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला. तेथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करून घेणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. मात्र तो बदल मंजूर होण्याआधी देश सोडला, तर ही सवलत हातची जाते. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीचे निमित्त होऊन भारतातील व्हिसाच्या मुलाखती काही महिन्यांनी पुढे ढकलल्या गेल्या आणि सुटीसाठी आलेली माणसे येथेच अडकली. बहिणीच्या लग्नाला यावे की नाही, हाही आता कायद्याचा प्रश्न झाला आहे!

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तेथे पदवीनंतर दोन वर्षांचा मोकळा व्हिसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, डॉक्टरेटवाले वगळता, तो १८ महिन्यांचाच मिळेल असे ठरले आहे. या व्हिसावर नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य आहे आणि मालकालाही खर्च नाही, म्हणून तो गोड वाटतो. परंतु हा काळ कुशल कामगार म्हणून मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या हिशेबात धरला जात नाही. शिवाय नवख्या उमेदवाराला कमी वेतनावर कुशल कामगाराचा व्हिसा मिळण्याची जी चार वर्षांची सवलत आहे, तीही यातच खर्ची पडते. ज्याला तेथे स्थायिक व्हावयाचे आहे आणि ज्याचा मालक पहिल्याच दिवशी पुरस्कृत करण्यास तयार आहे, त्याने मोकळ्या व्हिसाच्या मोहात पडू नये. ज्याला नोकरीचीच खात्री नाही, त्याने तो अवश्य घ्यावा. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यास १८ महिने मिळतात. एवंच, एकाचा मुहूर्त दुसऱ्याला लागू पडत नाही.

या साऱ्यावर बँकेचे पंचांग निराळेच! बँकांच्या नमुना योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याज मात्र आधीपासून चढत असते. दूरदेशी सोडत कधी निघाली, परवाना कधी आला, याचे त्या हप्त्याला सोयरसुतक नसते. मग इकडून फोन जातो : ‘मिळेल ते काम धर!’ या घायकुतीतूनच मुले दलालांच्या हाती लागतात. बेकारीचे दिवस थांबावेत म्हणून कागदोपत्री नोकरी दाखवण्याचा सल्ला काही दलाल देतात. ही फसवणूक उघडकीस आली तर पुढचा प्रत्येक व्हिसा धोक्यात येतो. कर्जाचा एखादा हप्ता थकला तर तो फेडता येतो; खोट्या कागदाचा डाग पुसता येत नाही.

यावर उपाय काय? बँकांनी हप्त्याचा आरंभ प्रत्यक्ष परवान्याशी जोडावा. येथील विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी परदेशी जाणाऱ्यांना प्रवेशाची पत्रे मिळवून देण्यावर न थांबता पदवीनंतरच्या मुदतींचे ज्ञानही विनामूल्य द्यावे. विद्यार्थ्यांनी शेवटचे सत्र लागताच आपल्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन तारखा लिहून घ्याव्यात. मित्राच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये, कारण नियम वर्षावर्षाला बदलत आहेत. आणि पालकांनी? त्यांनी वर्षभराच्या हप्त्यांची पुंजी आधीच बाजूस ठेवावी आणि मुलाला घाई करू नये.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच मिळवून ठेवली होती. म्हणूनच १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि तो अभ्यास त्यांनी तडीस नेला. मुदत कोणालाच चुकत नाही. तिची तजवीज आधी करणे तेवढे आपल्या हाती असते. वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी चार पंचांगे धुंडाळणाऱ्या आमच्या सुज्ञ वाचकांनी मुलाच्या परवान्याची तारीख दलालावर सोपवू नये, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी मिळालेच, तरी ते फार उशिरा मिळते.