डोमिसाइलचं गाजर पुरे, २ ऑक्टोबरपर्यंत मसुदा दाखवा

वरकुटे आणि पंचक्रोशीतल्या ग्रामस्थांकडून राज्य सरकारला, तालुक्यात मतं मागायला येणाऱ्या सगळ्या पक्षांना आणि आमच्याच डॉक्टर लेकरांना हा जाहीर इशारा.

निवडणूक जवळ आली की कुणीतरी भूमिपुत्रांच्या नावाने आरोळी ठोकतो : एमडी-एमएसच्या जागा महाराष्ट्राच्या पोरांनाच, तसा कायदाच करू. टाळ्या पडतात. हे भाषण यापुढे आमच्या चावडीसमोर करायचं नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं, की केवळ राज्याचा रहिवासी म्हणून पदव्युत्तर वैद्यकीय जागा राखून ठेवणं घटनेच्या कलम १४ ला धरून नाही. खटला चंदीगडच्या सरकारी कॉलेजातून आला, पण निकाल सगळ्या राज्यांना लागू आहे. १९८४ च्या प्रदीप जैन निकालापासून ही दिशा ठरलेली होती. एवढं माहीत असून जो पुन्हा डोमिसाइलचा कायदा आणतो म्हणेल, तो आम्हाला खुळ्यात काढतोय असं आम्ही धरू.

आणि त्या डोमिसाइलच्या दाखल्याने आमचं भलं तरी काय झालं? माणूस कुठला ते दाखला सांगतो, तो कुठे राबणार ते सांगत नाही. पोरं एमबीबीएसला लागली तेव्हा आम्ही हलगी लावली, फेटे बांधले. त्यातली परत किती आली, ते ज्याने त्याने आपल्या भावकीत मोजावं. अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात न्यावी तर भूलतज्ज्ञ नाही, ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे बारामती. तिथेही जमलं नाही तर पुण्याला ससून. गाडीत तिची सासू वाटभर देवाचं नाव घेत बसते, आणि गाडीभाड्याची उसनवारी पुढे ऊस जाईपर्यंत फिटत नाही.

डोमिसाइल गेलं म्हणून गावाला डॉक्टर मिळायची वाट बंद आहे, असं आता कुणी सांगू नये. ३१ ऑगस्ट २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडूच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं : सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशाची वेगळी वाट राज्याला काढता येते, आणि त्या वाटेने शिकलेल्याकडून ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात किमान पाच वर्षं सेवेची हमी घ्यावी. आपल्या सरकारने २६ सप्टेंबर २०२२ ला अशा २० टक्के जागांचा शासन निर्णय काढला, तोही प्रवेशाचा हंगाम आल्यावर. त्या वर्षी तो लागू झालाच नाही, न्यायालयाने पुढच्या वर्षावर ढकलला. शासन निर्णय काय, एका सहीने येतो नि दुसऱ्या सहीने जातो. म्हणून आम्हाला या वेगळ्या वाटेचा कायदा हवा.

त्यात २० टक्के कलमात लिहा. पाच वर्षांची सेवा पैसे भरून सुटणारी नको. दंडाची रक्कम मोठी ठेवली म्हणजे सेवेचा बाँड कडक झाला, हा समज मंत्रालयातला आहे. ज्याचा बाप ती भरू शकतो, त्याच्यासाठी ती फक्त फी असते. आणि तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर फलक लावा : भूलतज्ज्ञ कोण, स्त्रीरोगतज्ज्ञ कोण, बालरोगतज्ज्ञ कोण, आज हजर की गैरहजर. जागा रिकामी असेल तर तसं ठळक लिहा.

डॉक्टर लेकरांनो, तुम्हालाही सांगतो. काही वर्षं आरोग्य केंद्रात काढून एमडीला जागा मिळवायची नि मग शहरात बोर्ड लावायचा, असा बेत असेल तर पुढचा फेटा गावाकडून मिळणार नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी मसुदा जाहीर करा आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर करा. तोवर मसुदा आला नाही तर त्याच ग्रामसभेत गावबंदीचा ठराव होईल. कोणत्याही पक्षाची गाडी वेशीच्या आत येणार नाही, आणि आम्ही बायाबापड्यांसह पुणे-सोलापूर हायवेवर बसू. रुग्णवाहिकेला वाट मिळेल. मंत्र्यांच्या ताफ्याला मिळणार नाही.

समस्त ग्रामस्थ, वरकुटे, ता. इंदापूर, जि. पुणे