चिमूरचा दुसरा धडा

जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षी १६ ऑगस्टला तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर पेटले. सरकारने तातडीने लष्कर धाडले. स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. पुढल्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा मात्र ही तत्परता दिसली नाही. बंड मोडण्यास चपळ आणि धान्य पोचविण्यास मंद असलेल्या राज्याचा अधिकार बंदुकीपुरताच उरतो. भामरागडसारख्या भागातील गावांचा संपर्क पावसाळ्यात आजही तुटतो. त्याआधी तेथे धान्य पोचते की नाही, यावरच आपल्याही राज्यकर्त्यांची परीक्षा व्हावी.