ब्रेकचे बिल घेतले का?

शेतकरी बंधूंनो, काल गॅरेजात ट्रॅक्टरचे ब्रेक करून आणले आणि आज भरली ट्रॉली उतारावर पलटी झाली, तर नशिबाला बोल लावून गप्प बसू नका. पैसे घेऊन केलेले सदोष काम ही कायद्याने सेवेतील त्रुटी ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करून भरपाई मागता येते. मिस्त्रीला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण पुरावा हवा, आणि आपल्याकडे बिल मागायचीच लाज! पक्के बिल घ्या, काढलेला जुना भाग मागून ठेवा. अपघात झाल्यास पंचनामा व आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडीला त्या मिस्त्रीचा हात लागू देऊ नका. पोलीस पाटलांनी एवढ्यावर तरी लक्ष ठेवावे.